मधल्या माणसाचं प्रकरण

नागभीड,
१२ जानेवारी २०२५

चि. पुनम बेटा,

बाबाचा आशीर्वाद. मी खुशाल आहो. तूही खुशाल असशीन असं धरून चालतो, कारण फोनवर तू खरं सांगत नाई आणि मीही नाई सांगत.

हे पत्र पाहून हसशीन. म्हणशीन, म्हाताऱ्याले काय सुचलं? अगं, फोनवर तू "जेवले का, गोळी घेतली का, डोळ्यात औषध टाकलं का" एवढं विचारते आणि ठेवून देते. त्यात मले बोलायले जागा कुठी राहते? पत्रात कसं, मी बोलतो आणि तुले मधात तोंड घालता येत नाई. शाळेत गुरुजींनी पत्र शुद्ध भाषेत लिहायले शिकवलं होतं. तसं करून पाह्यलं, तर कोण्या साहेबानं नोटीस पाठवल्यासारखं वाटलं. म्हणून फाडलं आणि आपल्या बोलीत लिहून राह्यलो.

तुझ्या प्रबंधाची दोन प्रकरणं एसटीच्या पार्सलनं मिळाली. तुझ्या मॅडमनं सांगतलं म्हणे, की यातलं काहीच न कळणाऱ्या माणसाले वाचायले द्या, त्याले समजलं तर नीट लिहिलं असं समजा. असा माणूस शोधायले तुले लांब जावं लागलं नाई! साऱ्या नोकरीत मी नागभीड जंक्शनवर गाड्यायचे काटे बदलले. विद्यापीठ मी फक्त बाहेरून पाह्यलं, तेही तुझं ॲडमिशन करायले आलो तेव्हा, आणि तेव्हाही वॉचमननं गेटवरच बसवलं होतं.

इकडची खबरबात अशी. धान घरात आलं, धानाच्या बांध्यायमध्ये आता लाखोळीचं पीक चांगलं आहे. अयूबभाईले लग्नसराईमुळं मान वर करायले फुरसत नाई, शिलाई मशीन सारखी चालू. आपल्या आणि त्याच्या घरात एकच भिंत, त्यामुळं मलेही ती मशीन ऐकतच झोप लागते. त्याच्या घरून खैरुनभाभी रोज काई ना काई पाठवते. नको म्हटलं तर म्हणते, "भाईजान, डब्बा परत पाठवाचा असन तर रिकामा पाठवा."

परवा इंदुआत्याच्या अतुलचं लग्न झालं. पंगतीत बसलो होतो. बाजूच्या पाहुण्यानं विचारलं, "पोरगी काय करून राह्यली?"

"पीएचडी."

"वा! कशात?"

इथी माझी गाडी अडकली. सकाळपासून पाठ केलं होतं ते म्हणालो, "आंतरविद्याशाखीय संशोधनाचा इतिहास."

"हे इतिहास होय का सायन्स होय?"

"दोन्ही होय. वेगवेगळ्या विषयायचे लोक विद्यापीठात एकत्र बसून शोध कसा करू लागले, त्याची गोठ."

"दोन्ही कसं होईन बापा? एक सांगा ना!" मंग तिकडून एक जण म्हणते, "कशातच नंबर लागला नसन." जिलेबी घेऊन वाढप्या त्याच्याजवळ आला, तर म्हणालो, "यायले शुगर आहे, पुढी चाल." वाढप्या गेला पुढी. मनाले लय शांत वाटलं.

आता पयल्या प्रकरणाचं. समजलं. पयले एकच मास्तर तारे पाहे, औषध सांगे आणि धर्मावर भाषणही देई. मंग दोनशे वर्षांआधी जर्मनीत नवी विद्यापीठं झाली, एकेका विषयाची खोली वेगळी, मास्तर वेगळा, दारावर पाटी वेगळी. ते पाहून साऱ्या जगानं तसंच केलं. मंग शंभरेक वर्षांनी अमेरिकेतल्या समाजाचा अभ्यास करणाऱ्यायले वाटलं, अरे, माणूस तर एका खोलीत मावतच नाई, आणि तिथी तुझा तो लांबलचक शब्द जन्मला. इथपर्यंत ठीक. पण भिंती साऱ्या वाईटच, असं तू लिहिलं ते मले पटलं नाई. काटेवाल्याले विचार. लाईन वेगवेगळ्या आहेत म्हणून गाड्या एकमेकीवर आदळत नाई. प्रश्न लाईनीचा नाई, जंक्शनवर उतरलेल्या माणसाचा आहे.

सोबतची चिठ्ठीही वाचली. तुझी मॅडम इतिहासाची, दुसरे सर प्राणिशास्त्राचे, म्हणून विद्यापीठाच्या समितीनं विचारलं, हा प्रबंध कोणत्या विषयात धरायचा ते मार्चमध्ये येऊन पटवून सांगा. त्याच्या खाली तू लिहिलं, "नाही पटलं तर सोडून देते बाबा. गावातल्या गुणवंतरावांच्या शाळेत कंत्राटी जागा आहेच. घरी येते." त्या ओळीवर मी आज काई लिहीत नाई.

डोळ्यांचं विचारलं तू. डोळे आहेत जागेवर. अक्षर मोठं दिसत असन तर तो पेनाचा दोष, जाड टोकाचा आणला.

थंडी आहे, कानाले बांधून शीक.

तुझे
बाबा


नागभीड,
२ फेब्रुवारी २०२५

चि. पुनम,

आशीर्वाद. पोचल्याचा मेसेज तू अयूबभाईच्या फोनवर टाकला, माझ्या नाई. म्हणजे राग अजून उतरला नाई. नको उतरू दे. रागावलेली माणसं पत्र पूर्ण वाचतात.

मी मागच्या शनिवारचीच गोठ घेऊन बसलो आहो. तू न सांगता आली. ओट्यावर मी, समोर खैरुनभाभी, तिच्या हातात तुझं दुसरं प्रकरण, आणि ती मोठ्यानं वाचून राह्यली. मधातच ती थांबली. मले वाटलं, अवघड शब्द आला असन. मी म्हणालो, "वाच ना भाभी, काऊन थांबली?" तरी ती वाचेना. मंग फाटकाकडून तुझं रडणं ऐकू आलं. तू तिथी केव्हाची उभी होती, पुनम? मले तू दिसलीच नाई. तुले हे असं समजायले नको होतं.

आता लपवून काय करू? डाव्या डोळ्यानं काहीच दिसत नाई. उजव्यावर जाळं आहे. उन्हात बसलो तर मोठं अक्षर लिहिता येते, वाचता येत नाई. पेनाचा काई दोष नाई. पयलं प्रकरणही खैरुनभाभीनंच वाचून दाखवलं. परदेशी नावं आली की ती म्हणे, "भाईजान, हा माणूस माझ्या तोंडात नाई बसत, याले सोडून पुढं जाऊ का?" मी म्हणे, "सोड, पुनमले विचारू." असे किती जण आम्ही रस्त्यात सोडले काय माहीत.

मंग तू स्वयंपाकघरात गेली. जळालेला भाताचा गंज पाह्यला, चुलीच्या बाजूची काळी भिंत पाह्यली आणि बाहेर येऊन म्हणाली, "समिती तसंही होऊ देणार नाही बाबा. मी सामान घेऊन येते." तेव्हा मी गप्प बसलो. आता बोलतो.

तू समितीचं नाव पुढं करून राह्यली. समितीनं बिचारीनं एक प्रश्न विचारला. तो तर पंगतीतला पाहुणाही विचारते, तेव्हा तू काई शिक्षण सोडलं नाई. शाळेत तुले कोणी "तुले जमणार नाई" म्हटलं की तू ते करूनच दाखवे. तू एका प्रश्नाले भिऊन घरी येणारी पोट्टी नाई. तू माझ्यासाठी येऊन राह्यली. हे मले त्या चिठ्ठीतल्या शेवटच्या ओळीतच समजलं होतं.

समजूनही मी बोललो नाई. काऊन ते ऐक. मले बरं वाटलं. पोरगी घरी येते म्हणते, सकाळी चहा ठेवताना घरात दुसरा आवाज असन, "बाबा, टॉवेल कुठी टाकला" म्हणून कोणी खेकसन, या विचारानं मी खुश झालो. तुझी आई गेल्यापासून या घरात कोणी कोणावर ओरडलं नाई बेटा. मी भांडं पाडलं तर तेच वाजते आणि तेच चूप होते. तू येशीन म्हणून मी तुझ्या खोलीतली बाज उन्हात टाकली, गादी पिंजून आणली. मंग त्याच बाजेवर बसून विचार केला, की मी हे काय करून राह्यलो? पोरगी डोहात उडी घेते म्हणते आणि बाप काठावर टॉवेल घेऊन खुशीत उभा!

तुझ्या आईची एक गोठ तुले पूर्ण कधी सांगतली नाई. ती मुलचेऱ्याकडच्या बंगाली गावची, हे तुले माहीतच आहे. तिच्या बापानं पूर्व बंगालातून येऊन इथी जंगल तोडून धान लावलं. ती नर्स होऊन नागभीडले आली, मले मलेरिया झाला, बाकीचं तू समजून घे. लग्नाचं निघालं तेव्हा दोन्ही घरी एकच प्रश्न. तिचे काका म्हणत, पोरं कोणत्या घरची होतीन, बंगाली का मराठी? माझी आईही तेच विचारे, फक्त रडून विचारे. मी खाली मान घालून बसलो होतो. तुझी आई रिना म्हणाली, "ज्या घरी जेवतील, त्या घरची." मंग तिनं दोन्ही घरी जेवायले घालून दाखवलं. माझ्या आईच्या हातून लाखोळीचे वडे शिकली आणि माझ्या आईले मोहरी वाटून मासोळी करायले शिकवली. म्हातारी पयले नाक मुरडे, आणि मंग रविवारी सकाळपासून विचारे, "मासोळी आणली का?"

तर तुले कोणी विचारलं, तू कोणत्या विषयाची, तर घाबरू नको. हा प्रश्न आपल्या घरात तुझ्या जन्माआधीपासून आहे.

आता दुसऱ्या प्रकरणाचं, जेवढं ऐकलं तेवढं. दुसऱ्या महायुद्धाची गोठ लय आवडली. विमानं पाडायच्या तोफा नीट चालत नव्हत्या, म्हणून इंग्लंडात शरीराचे शास्त्रज्ञ, गणितवाले, एक ताऱ्यांचा अभ्यासक, एक जमीन मोजणारा, सारे एका ठिकाणी बसवले आणि लोक त्यायले सर्कस म्हणत. अयूबभाई मशीन थांबवून ऐकायले आला. म्हणाला, "ताऱ्यावाल्याचं तोफेजवळ काय काम?" मी म्हणालो, "आभाळाकडंच पाहाचं होतं ना!" तो म्हणाला, "हौ, ते बराबर आहे," आणि पुन्हा जाऊन बाही लावली.

मंग १९७० मधी फ्रान्समध्ये सभा भरली आणि एकत्र येण्याचे प्रकार ठरवले, ते मी रेल्वेवर बसवून पाह्यलं. छोटी लाईन आणि मोठी लाईन एकाच स्टेशनात उभ्या आहेत, पण कोणी कोणाकडं पाहत नाई, हा पयला प्रकार. छोट्या गाडीतून उतरून गठुडं डोक्यावर घेऊन लोक मोठ्या गाडीत बसतात, हा दुसरा, म्हणजे तुझा. आणि छोटी लाईन उखडून सारी एकच करून टाकणं, हा तिसरा. आता आपल्याकडं तेच चालू आहे. बरोबर आहे का सांग. चूक असन तर अजून चार ओळी सोप्या लिही, म्हणजे माझ्यासारख्याले समजन. आपल्या सरकारनं २०१६ च्या कायद्यात तीन विद्याशाखांच्या बाजूले ही चौथी आंतरविद्याशाखा मांडली, हे मात्र मले माहीतच नव्हतं. पुढच्या लग्नात सांगीन.

दुसरं प्रकरण मधातच बारीक झालं, हे खैरुनभाभीच्याही ध्यानात आलं. म्हणाली, "पोरीनं शेवटची पानं घाईत लिहिली भाईजान." घाई कशाची होती ते मी तिले सांगतलं नाई. तुझं अर्धं मन तिथी लिहाले बसते आणि अर्धं बस पकडून इकडं येते.

तर आता ऐक. तू ये असं मले रोज वाटते. म्हणूनच सांगतो, येऊ नको. सुट्टीच्या दिवशीही येऊ नको. डोळ्याचं मी पाहतो, अयूबभाईसोबत नागपूरले जातो, तारीख घेतली. ऑपरेशनचा दिवस तुले सांगणार नाई. सांगतला तर तू पयल्या बसनं येशीन, आणि तुले पाहून मी म्हणीन, राह्य. तेवढी ताकद माझ्यात नाई.

हे रागानं लिहीत नाई. तू शनिवारी जाताना माझ्या पाया पडली नाई, त्याचाही राग नाई. पण पुढच्या टायमाले पड.

तुझे
बाबा


नागभीड,
९ मार्च २०२५

चि. पुनम,

आशीर्वाद, आणि खास आशीर्वाद, कारण हे पत्र मी सावलीत बसून लिहून राह्यलो. अक्षर पाह्य. रेघेवर आहे का नाई?

ऑपरेशन होऊन पंधरवडा झाला. ओरडू नको. डोळ्यावर पट्टी होती तेव्हा अयूबभाई दुकान बंद ठेवून माझ्याजवळ बसला, लग्नसराईत! गिऱ्हाईकं फोनवर शिव्या देत होती आणि तो म्हणत होता, "नवरदेव बिनकोटाचा गेला तरी पोरगी त्यालेच भेटते." खैरुनभाभीनं रोज वरणभात करून पाठवला.

साऱ्याआधी खरं ते सांगतो, कारण या घरात आता लपवालपवी बंद. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू निघाला, चांगलं दिसते. डाव्या डोळ्यात काचबिंदू होता, तो गेला तो गेला. डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी आले असते तर वाचला असता. मी म्हणालो, तेव्हा घरात दुसरं दुखणं होतं. तुझ्या आईच्या कॅन्सरच्या धावपळीत स्वतःच्या डोळ्याकडं कोण पाहते? मले त्याचं वाईट वाटत नाई. तो डोळा तिच्या कामी आला असं समजतो. तूही वाईट वाटून घेऊ नको.

आता नागपूरची गोठ ऐक, ती तुझ्या कामाची आहे. दवाखाना मोठा, आठ मजली. डोळ्याचे डॉक्टर म्हणाले, "शुगर जास्त आहे, आधी साखरेच्या डॉक्टरकडून लिहून आणा." मी अयूबभाईचा हात धरून खाली दुसऱ्या मजल्यावर गेलो. साखरेचे डॉक्टर म्हणाले, "डोळ्यात जे औषध टाकून राह्यले त्याचं आधी डोळेवाल्यायले विचारा." पुन्हा वर. डोळेवाले म्हणाले, "आमच्या औषधाचा काई प्रश्न नाई, त्यायले सांगा." पुन्हा खाली. दोघंही भले माणसं, दोघंही गोड बोलणारे. दोघायचंही बरोबर. आणि मी आंधळा माणूस त्या दोघायच्या मधात चढउतार करून राह्यलो. तिसऱ्या खेपेले माझं डोकं सणकलं. साखरेच्या डॉक्टरच्या टेबलासमोर बसलो आणि म्हणालो, "डॉक्टरसाहेब, मी रेल्वेचा माणूस आहो. सिग्नल मिळाल्याशिवाय गाडी हलत नाई. तुम्ही वर फोन लावा, मी इथीच बसतो."

"अहो काका, बाहेर लाईन आहे."

"असू द्या. लाईनच माझं आयुष्य होय."

अयूबभाई कानात म्हणते, "भाई, चला, गार्ड बोलावतीन." मी हललो नाई. डॉक्टर हसले आणि त्यायनं फोन लावला. दोघं एकमेकायशी बोलले आणि पाच मिनिटांत काम झालं. फोन ठेवून डॉक्टर म्हणाले, "आम्ही एवढी वर्षं इथं आहो, पण बोलणं असं पेशंट अडून बसला तेव्हाच झालं." त्यायनं उठून मले दारापर्यंत सोडलं. चांगला माणूस.

पट्टी निघाल्यावर तुझं दुसरं प्रकरण पयल्यांदा माझ्या डोळ्यानं वाचलं. खैरुनभाभीनं रस्त्यात सोडलेले सारे परदेशी लोक मले भेटले. आणि एक गोठ खटकली. तू लिहिलं, "हे विषय एकत्र आले", "त्या विद्याशाखा जवळ आल्या". बेटा, विषय कसे येतीन? त्यायले पाय आहेत का? तोफांच्या गोष्टीत तोफेजवळ कोणी तरी शिपाई उभा असन, डोक्यावर विमान, आणि तोफ नेम धरत नाई. तो कोणाकोणाजवळ जाऊन रडला असन? मलेरियाच्या कामात कीटकांचा डॉक्टर आणि तापाचा डॉक्टर एकत्र आले असं तू लिहिलं. त्याआधी किती तापकरी या दारातून त्या दारात फिरले असतीन? दोन खोल्यायच्या मधात नेहमी कोणी तरी उभा राहते. त्याचं काम अडलेलं असते, म्हणून खोल्यायचे दरवाजे उघडतात. तुझ्या इतिहासात तो माणूस मले कुठीच दिसला नाई. शोधून पाह्य. सापडला नाई तर तेही लिही, की शोधला आणि सापडला नाई. मी काई मास्तर नाई, चूक असन तर खोड. पण समितीनं विचारलं की हा प्रबंध कोणत्या विषयाचा, तर मले वाटते, तू या मधल्या माणसापासून सुरुवात करावी.

तू स्वतः तेच तर करून राह्यली. मॅडमचा कागद सरायकडं, सरायचा मॅडमकडं. आणि वरून मनानं रोज एसटी पकडून माझ्याकडं. मधात उभं राहून पाय दुखतात, हे मले आता अनुभवानं माहीत झालं.

काल गुणवंतराव आले होते. चहा पेले, माझा डोळा पाह्यला आणि म्हणाले, "पुनमसाठी जागा धरून ठेवली आहे. महिन्याच्या शेवटी दुसऱ्याले द्यावी लागन. तिले विचारून घ्या." मी त्यायले हो म्हणालो नाई, नाईही म्हणालो नाई. उत्तर तुझं आहे, त्यात माझी जीभ कशाले घालू? त्यायचा निरोप होता, तो पोचवला.

पण एक गोष्ट बदलली आहे, ती ध्यानात घे. मी आता वाचतो, लिहितो, बाजारात जातो, पोळ्या लाटतो. पोळी गोल होत नाई, पण ते माझ्या हाताचं आहे, डोळ्याचं नाई. म्हणजे घरी येण्याचं जे कारण तुझ्याजवळ होतं, ते मी तुझ्याकडून काढून घेतलं. बापानं लेकराले द्यावं, काढून घेऊ नाई, असं म्हणतात. हे एक मी काढून घेतलं.

अठरा तारखेले समितीपुढं उभी राहशीन, तेव्हा मनात मले ठेवू नको. पटलं तर पटलं. नाई पटलं, तुले स्वतःलेच यातून उठावंसं वाटलं, तर सरळ म्हण, "मी थकली." मंग नागभीडची बस पकड, मी स्टँडवर उभा राहीन, मोहरी वाटून मासोळी करीन आणि तुले एक शब्दही विचारणार नाई. हरून आली तरी हे तुझंच घर होय. पण बाबासाठी सोडलं, असं कोणाले सांगू नको. लोकायले नाई, मलेही नाई, आणि रात्री झोपताना स्वतःलेही नाई. ते ओझं माझ्या अंगावर टाकलं तर मी ते उचलीन, हासतही राहीन, आणि त्याच ओझ्याखाली मरीन.

घर लय रिकामं आहे, पुनम. मी मजेत आहो असं लिहिणार होतो, पण लपवालपवी बंद केली ना. सकाळी चहा होते तेव्हा दोन कप काढतो आणि एक परत ठेवतो. तुले हाक मारायची इच्छा रोज होते. पण आता त्या इच्छेसोबत राहता येते मले. माणूस मरत नाई त्यानं. काल तुझं पान वाचता वाचता चहा थंड झाला, आणि तो थंड चहा मी आनंदानं पेलो.

जे ठरवशीन ते कळव. फोनवर नको. लिहून पाठव, मले वाचता येते.

तुझी वाट पाहणारा, पण वाट अडवून न बसणारा,
बाबा